दोन काठांमधले दप्तर

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि त्यापुढची कितीतरी वर्षे हा मनुष्य वाड्यावाड्यांच्या माळ्यांवर चढून, वाळवी लागलेले रुमाल सोडवून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी जाऊ घातलेली पुडकी विनवणीने मागून घेऊन, एकेका चिटोऱ्यासाठी पायपीट करीत राहिला, ही हकीकत मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. राजवाड्यांना जी तळमळ लागून राहिली होती ती कागदाची होती. कागद गेला की त्याच्याबरोबर एक पिढी कायमची मुकी होते, हे त्यांनी ओळखले होते. मला ज्या मुलखाची गोष्ट सांगावयाची आहे तेथे सामान्य माणसाच्या घरी कागदच नव्हता. तेथले जे काही ज्ञान होते ते माणसांच्या जिभेवर होते, हातांच्या सवयीत होते, वल्हे मारणाऱ्या खांद्यांत आणि झाडपाला ओळखणाऱ्या बोटांत होते. ते जतन करावयाचे तर माणसापाशीच जाऊन बसणे भाग होते, आणि हे काम संयुक्त अरब अमिरातीत ज्यांनी प्रथम मनावर घेतले त्यांत काही स्त्रिया होत्या, ज्यांच्या हाती लेखणीऐवजी कॅमेरा होता.

ह्या किनाऱ्याची लेखी हकीकत अगदीच नव्हती असे नव्हे. पण ती होती आपल्या मुंबईत. 1819 च्या अखेरीस रास अल खैमावर चालून गेलेले इंग्रजी आरमार मुंबई बंदरातून निघाले होते. त्या स्वारीनंतर 1820 मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी जो तह झाला त्याचे कागद मुंबई सरकारच्या फडात जमा झाले. बुशहरला बसणारा इंग्रजांचा रेसिडेंट आपले खलिते पुष्कळ काळ मुंबईकडेच रवाना करीत असे. आणि 1856 मध्ये मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील निवडक कागदांच्या नव्या मालेचा जो 24 वा खंड छापला, तो साराच्या सारा इराणच्या आखाताविषयी आहे. पुढे लॉरिमर नावाच्या अंमलदाराने त्या साऱ्या प्रदेशाचे प्रचंड गॅझेटियर तयार केले, त्यात गावागणिक होड्या किती, खजुरीची झाडे किती, कोणत्या टोळीचे उंबरे किती ह्यांची नोंद आहे. तारवे, मोती, जकात, तहनामे, तंटेबखेडे ह्यांचा तपशील ह्या दप्तरात भरपूर सापडतो. परंतु खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर उतारू नेणारा नावाडी, किंवा वाळवंटाच्या कडेला बसून रोग्याच्या पाठीवर डाग देणारी म्हातारी, ही माणसे त्यात कोठेही नाहीत. सरकारी दप्तराला त्यांचे प्रयोजन नव्हते. हिंदुस्थानाशी ह्या लोकांचा घरोबा मात्र इतका जुना, की दुबईच्या बाजारात 1966 पर्यंत रुपया चालत होता, तेथले लोक आजही पंख्याला 'बंका' आणि सरळ वाटेला 'सीदा' म्हणतात, आणि तेथल्या वृद्ध स्त्रिया नाकावर व कपाळावर जो निळसर सोनेरी झळाळीचा बुरखा बांधतात त्याचे नीळ घोटलेले कापड पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातून जात असे.

कॅमेरा ह्या प्रदेशात आला तो परक्यांच्या खांद्यावर बसून. विल्फ्रेड थेसिजर 1945 ते 1950 ह्या काळात बेदुइनांच्या सोबतीने रिकाम्या वाळवंटातून हिंडला आणि त्याने जी छायाचित्रे काढली ती आजही त्या जीवनाची सर्वोत्कृष्ट चित्रे मानली जातात. 1954 मध्ये जाक कुस्तो ह्याचे 'कॅलिप्सो' जहाज अबू धाबीच्या समुद्रतळाची तेलासाठी पाहणी करावयास आले, तेव्हा पुढे फ्रान्सचा नामांकित दिग्दर्शक झालेला लुई माल त्या जहाजावर कॅमेरा सांभाळीत होता. ही चित्रे मोलाची आहेत, ह्यात संशय नाही. पण ती उंटाच्या पाठीवरून अथवा जहाजाच्या डेकवरून घेतलेली आहेत. घराचा उंबरठा त्यांनी ओलांडलेला नाही, आणि ओलांडणे त्यांना शक्यही नव्हते, कारण स्त्रियांच्या बाजूला परपुरुष जाऊ शकत नसे, मग त्याचे यंत्र कोठून जाणार? अर्धा समाज अशा रीतीने चित्राबाहेर राहिला.

1962 च्या जुलै महिन्यात अबू धाबीचे पहिले तेल जहाजात भरून परदेशी रवाना झाले. त्याच वर्षी दुबईत, ज्यांनी पुढे चित्राबाहेर राहिलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवला त्या नुजूम अल घानिम ह्यांचा जन्म झाला. नुजूम म्हणजे तारे. ज्योतिष्याला उर्दूत 'नजूमी' म्हणतात तो शब्द ह्याच धातूतून आलेला. ह्या मुलीच्या वाढीबरोबर तिचा देशही इतक्या वेगाने बदलत गेला, की ती एक वर्षाची असताना दुबईच्या खाडीवर पहिला पूल झाला, ती नऊ वर्षांची असताना 2 डिसेंबर 1971 रोजी अमिरातींचा संघ स्थापन झाला, आणि ती कवयित्री म्हणून नावारूपाला येईतो तिच्या लहानपणचे गाव जवळपास दिसेनासे झाले होते. 'अल इत्तिहाद' ह्या दैनिकात तिने पत्रकारी केली. 1989 मध्ये तिचा काव्यसंग्रह निघाला. नवकवितेच्या आणि नवचित्रकलेच्या ज्या लहानशा मंडळात त्या वेळचे तरुण लेखक-कलावंत एकत्र येत त्यात तिची ऊठबस होती. त्यानंतर अमेरिकेत ओहायो विद्यापीठात जाऊन तिने 1996 मध्ये दूरचित्रवाणी-निर्मितीची पदवी घेतली आणि ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात चित्रपटाचे पुढील शिक्षण 1999 मध्ये पुरे केले. कवी पती खालिद अल बदूर ह्यांनी तिच्या अनेक चित्रपटांच्या संशोधनात व लेखनात भाग घेतला. त्या घरात दोन कवी होते आणि दोघांचेही लक्ष एकाच गोष्टीकडे लागलेले होते, ती म्हणजे डोळ्यांदेखत मावळत चाललेली माणसे.

1999 मध्ये नुजूम ह्यांनी 'दोन काठांमध्ये' ह्या अर्थाचे नाव असलेला एक लहानसा माहितीपट केला. त्याचा नायक होता दुबईच्या खाडीत वल्ह्याने होडी मारणारा शेवटचा नावाडी. ही खाडी म्हणजे दुबईचे आतडे; एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई, आणि मधून जाणाऱ्या बुटक्या, रुंद, लाकडी होड्यांना 'अब्रा' म्हणतात. 1963 मध्ये मक्तूम पूल होईपर्यंत ह्या काठावरच्या माणसाला त्या काठावर जावयाचे तर एक तर अब्रा करावी, नाही तर खाडीच्या शेंड्याला लांबचा वळसा घालावा. पूल झाला, 1975 मध्ये पाण्याखालून भुयारी रस्ता झाला, होड्यांना इंजिने बसली, आणि वल्हे मागे पडले. मी स्वतः ह्या खाडीतून अनेकदा गेलो आहे: होडीच्या मध्यभागी इंजिनाचा खड्डा, त्याच्या भोवती पाठीला पाठ लावून बसलेले उतारू, खड्ड्यात उभा राहून सुकाणूची दोरी पायाने वा हाताने सांभाळणारा बहुधा बंगाली नाहीतर इराणी होडीवाला, आणि अर्ध्या खाडीत आल्यावर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सरकत त्याच्यापर्यंत पोचणारी एकेका दिरहमची नाणी. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण तेवढ्यात डिझेलचा वास, मसाल्याच्या बाजारातून येणारा लिंबांचा आणि केशराचा वास आणि खाऱ्या पाण्याचा वास असे तीन वास अंगावरून जातात. वल्ह्याच्या काळी ह्यातला पहिला वास नसेल आणि पाणी कापल्याचा आवाज ऐकू येत असेल. तो आवाज ज्या एका माणसाच्या हातात उरला होता त्याच्याकडे शहर पाठ फिरवून चालले असताना ह्या बाईने कॅमेरा त्याच्याकडे वळवला. राजवाड्यांनी वाण्याच्या हातचे पुडके ओढून घ्यावे तसेच हे झाले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्या वेळी देशात चित्रपट करणाऱ्यांना आधार म्हणावा असे जवळजवळ काहीच नव्हते. अबू धाबीच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानात मसूद अमरल्ला अल अली ह्या तरुणाने 'अमिरातीचे चित्रपट' अशा नावाची स्पर्धा ह्या शतकाच्या आरंभी सुरू केली आणि तिच्यामुळे घराघरांत हौसेने केलेल्या, विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी केलेल्या, कोणाला दाखवाव्यात हे न कळल्यामुळे कपाटात पडलेल्या फिती प्रथमच एका पडद्यावर आल्या. 2004 मध्ये दुबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. 2007 मध्ये अबू धाबीचा. 2008 मध्ये केवळ आखाती देशांसाठी असा तिसरा. महोत्सवांबरोबर त्यांचे निधीही आले आणि माहितीपट करणाराला दोन पैसे मिळू लागले. ह्या काळात जी नवी नावे पुढे आली त्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती, आणि ह्याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही: अल ऐनचे विद्यापीठ 1970 नंतरच्या दशकात निघाले होते, 1988 मध्ये तंत्रमहाविद्यालये निघाली, 1998 मध्ये झायेद विद्यापीठ तर मुलींसाठीच म्हणून सुरू झाले, आणि तेथल्या माध्यमशाखेच्या वर्गांतून कॅमेरा धरावयास शिकलेल्या मुली दरसाल बाहेर पडत होत्या. कॅनडात शिकून आलेल्या नायला अल खाजा ह्यांनी 2004 मध्ये 'अनव्हेलिंग दुबई' हा माहितीपट केला आणि 2007 मध्ये दुबईत चित्रपट-मंडळ काढून चांगले चित्रपट पाहण्याची सवय लोकांना लावली. नहला अल फहद ह्यांनी दोन सहदिग्दर्शकांसह 2015 मध्ये 'द टेंटेड व्हेल' करून हिजाबचा वाद अनेक देशांतील स्त्रियांच्या तोंडून ऐकवला. ह्या दोघींच्या उद्योगाचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु एकाच दिशेने, एका चित्रपटामागून दुसरा असा, वीस वर्षांचा अखंड संग्रह जिने केला ती नुजूमच, म्हणून तिच्याकडेच परत वळतो.

2010 चा 'हमामा' हा मला तिचा मुकुटमणी वाटतो. हमामा म्हणजे पारवी. नव्वदी ओलांडलेल्या एका वैदूबाईचे हे नाव. शारजाच्या अमलातील अल धैद हे गाव समुद्रापासून आत, वाळू सरत येऊन डोंगराची निळी कडा दिसू लागते तेथे वसलेले आहे. तेथे पाणी येते ते 'फलज'मधून, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून उताराउताराने आणलेल्या पाटातून. मलिक अंबराने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, जी नहर आणली तिची ही थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही. अशा पाण्यावर उभ्या राहिलेल्या खजुरीच्या सावलीत हमामाने आपला दवाखाना मांडला होता. दुबईला पहिले इस्पितळ 1950 च्या सुमारास झाले, अल ऐनला अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्याने 1960 मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही वाळवंटातल्या माणसाला पोटशूळ उठला, कंबर धरली, मूल दूध पिईनासे झाले, की त्याला वाट ठाऊक असे ती असल्याच एखाद्या म्हातारीच्या दाराची. तिची शस्त्रे दोन: झाडपाला आणि तापवलेले लोखंड. आपल्याकडे बिब्ब्याचे चटके देत, कावीळ झालेल्याच्या हातावर डाग देत. तीच विद्या तेथे 'कै' ह्या नावाने चालते. सळई निखाऱ्यात ठेवावयाची, बोटाने चाचपून दुखण्याचे मूळ ठरवावयाचे, त्या जागी राखेची खूण करावयाची आणि मग क्षणभर, फक्त क्षणभर, लोखंड टेकवावयाचे. क्षण कमी पडला तर गुण नाही, अधिक झाला तर कातडी जळाली. त्या क्षणाचे माप कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, ते मनगटात असते.

आधुनिक शिक्षण घेतलेल्या स्त्रीने अशा वृद्धेपुढे कॅमेरा लावावयाचा म्हणजे दोन मोह असतात. एक तर तिची कीव करावी, नाही तर तिला देवत्व द्यावे. नुजूम ह्यांनी दोन्ही टाळले, आणि ते त्यांना साधले ह्याचे श्रेय मी त्यांच्या कवित्वाला देतो; कवीला वस्तूकडे पाहत थांबता येते. हमामा औषध देते, रागावते, प्रार्थना करते, थकते, आणि आपल्यानंतर हे कोण करणार हा प्रश्न तिच्या घराच्या भिंतींइतकाच तेथे हजर असतो. तिच्या तोंडावर तो निळसर झळाळीचा बुरखा आहे, तरी ती कॅमेऱ्यापासून लपत नाही, कारण कॅमेऱ्यापलीकडे तिच्याच बोलीत बोलणारी, तिला आजीसारखी मानणारी एक बाई बसलेली आहे. थेसिजरला वाळवंट उघडे झाले, पण हे दार उघडले नसते. स्त्रीने केलेला माहितीपट म्हणून त्याचे जे वेगळेपण सांगता येईल ते माझ्या मते एवढेच आणि इतके मोठे आहे: ती ज्या ठिकाणी बसू शकते तेथे दुसरा कोणी बसू शकत नाही.

हे लिहिताना पुण्यातील एक वृद्धा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' ह्या चित्रपटात आई दुर्गाबाई कामत ह्यांच्याबरोबर ज्या बालवयात उतरल्या, आणि भारतीय पडद्यावर येणाऱ्या पहिल्या स्त्रियांत ज्यांची गणना होते, त्या कमलाबाई गोखले नव्वदीच्या घरात असताना रीना मोहन ह्या तरुण दिग्दर्शिकेने त्यांच्या घरी जाऊन 1992 मध्ये 'कमलाबाई' हा माहितीपट केला. सारे आयुष्य रंगभूमीवर गेलेली ती म्हातारी आपल्या खोलीत बसून जुनी भाषणे आठवते, विसरते, पुन्हा आठवते, चित्र काढणाऱ्या मुलींना दटावतेही. आपल्याकडे ह्या कामाची परंपरा त्याहून जुनी आहे. विजया मुळे ह्यांनी हुगळी नदीत उसळणाऱ्या भरतीच्या लाटेवर 'द टायडल बोअर' हा माहितीपट 1967 मध्येच केला होता, आणि सुमित्रा भावे ह्यांनी 1985 मध्ये 'बाई' ह्या लघुपटातून पुण्याच्या झोपडवस्तीतील स्त्री पडद्यावर आणली. तरी 'हमामा'चे खरे नाते मला 'कमलाबाई'शीच वाटते. अल धैद आणि पुणे ह्यांच्यामध्ये अरबी समुद्र आहे, एकीला दुसरीचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दोन्हीकडे एका तरुणीने एका जख्ख म्हातारीपुढे मांडी घालून बसावे आणि तिची विद्या तिच्याच आवाजात, धापेसकट आणि विसरभोळेपणासकट, उतरून घ्यावी, हे एकच कृत्य घडले आहे.

'हमामा'च्या आधी 2008 मध्ये नुजूम ह्यांनी 'अल मुरीद' केला होता, एका सूफी गुरूवर. दख्खनच्या दर्ग्यांतून पीर-मुरीद ही जोडी आपल्या परिचयाची असल्यामुळे त्या नावाचा अर्थ मराठी माणसाला कोशात पाहावा लागत नाही. 2011 मध्ये 'अमल' आला. अमल म्हणजे आशा, आणि आपला 'अंमल' ह्याहून निराळ्या अरबी शब्दापासून आलेला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कामानिमित्त आपला देश सोडून अबू धाबीला आलेल्या अमल हवीजा ह्या सीरियन नटीचे ते चित्र. परमुलखात पोट भरते पण रंगभूमी सुटते, ह्या दुःखाचे. पोटासाठी दुबईला जाऊन राहिलेल्या कितीतरी मराठी माणसांची पेटी, तबला, नाटकाच्या वह्या खाटेखाली धूळ खात पडलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हा चित्रपट मला परका वाटला नाही. 2013 चा 'लाल, निळा, पिवळा' हा नजात मक्की ह्या चित्रकर्तीवर आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन चित्रकला शिकणारी ती पहिली अमिराती स्त्री; कैरोला शिकून आली, पण तिचा रंगांशी पहिला परिचय झाला तो दुबईच्या बाजारात, वडिलांच्या झाडपाल्याच्या दुकानात, जेथे हळद, नीळ, मंजिष्ठ असल्या वस्तू पोत्यांतून आणि बरण्यांतून उघड्या मांडलेल्या असत.

त्यापुढचा चित्रपट 2014 चा. त्याच्या नावाचा अर्थ 'जवळचे आकाश' असा आहे, आणि त्यात वाळूच्या पटांगणावर पुरुषांच्या गर्दीत एकटी उभी राहिलेली एक बाई आहे. अबू धाबीच्या पश्चिमेकडच्या अल धफ्रा प्रदेशात मदिनत झायेद गावाजवळ 2008 पासून दरसाल उंटांच्या सौंदर्याची मोठी स्पर्धा भरते. काळ्या वर्णाच्या उंटिणी निराळ्या, पिंगट निराळ्या. पंच त्यांची मान किती लांब, मदार किती मागे, कान कसे उभे, खालचा ओठ कसा लोंबता, हे बारकाईने पाहून गुण देतात, आणि जिंकलेल्या जनावराची किंमत लिलावात अशी चढते की ऐकणाराने कानांवर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे खिल्लारी बैलांच्या बाजारात जाणते शेतकरी शिंग, वशिंड, खूर पाहतात त्याच डोळ्याने हे पाहणे असते. ह्या स्पर्धेत व लिलावात आपल्या उंटिणी घेऊन उतरणारी पहिली अमिराती स्त्री म्हणजे फातिमा अली अल हामिली. उंट तिच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि त्यांची निगा राखणे घरच्या बायकांनाही सवयीचे. पण पटांगणात यावयाचे, बोली लावावयाची, पुरुषांच्या नापसंतीच्या नजरा सोसून हरावयाचे आणि पुढल्या साली पुन्हा यावयाचे, हे कोणी केले नव्हते. कॅमेरा तिच्या हरण्याजिंकण्यापेक्षा तिच्या येण्याकडे अधिक पाहतो. दुबईच्या महोत्सवात ह्या चित्रपटाला त्या साली सर्वोत्तम माहितीपटाचे पारितोषिक मिळाले.

2016 मध्ये नुजूम उत्तरेच्या डोंगरांत गेल्या. 'मध, पाऊस आणि धूळ' ह्या चित्रपटात डोंगरकपारींतून रानमध काढणाऱ्या आयेशा व फातिमा ह्या दोघी आहेत आणि मधमाश्या पाळणारा गरीब हा गृहस्थ आहे. तेथला नामांकित मध दोन झाडांचा: एक सिद्र, तो आपल्या बोरीचाच भाऊबंद, आणि दुसरा समर, तो बाभळीच्या कुळातला. पाऊस पडला तर ही काटेरी झाडे फुलतात, फुलली तर माश्या येतात, आणि माश्या आल्या तर मध. ह्या साखळीतला पहिला दुवाच ढिला पडू लागला, आणि जेथे पाऊस होतो तेथेही रस्त्यांनी नि वसाहतींनी डोंगराची कड पोखरली, की मध काढणारणीची वाट दिवसेंदिवस लांबत जाते. सह्याद्रीत मोहोळ काढणाऱ्या माणसांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि मग हसन शरीफ. 1951 मध्ये जन्मलेला हा कलावंत लंडनमध्ये शिकून 1984 मध्ये परतला आणि अमिरातीतील नव्या कलेचा पाया त्याने अक्षरशः आपल्या हातांनी घातला. बाजारात ढिगाने मिळणाऱ्या स्वस्त वस्तू, रबरी चपला, काथ्याच्या दोऱ्या, पत्र्याचे चमचे, तांब्याची तार, तो आणीत असे, आणि दिवसचे दिवस एकच गाठ पुन्हा पुन्हा मारीत, एकच घडी पुन्हा पुन्हा घालीत त्यांच्या राशी बांधीत असे. आरंभी लोकांना हा काय प्रकार आहे ते उमजेना. नुजूम ह्यांची त्याच्याशी ओळख तरुणपणापासूनची, त्या लहानशा मंडळाच्या दिवसांपासूनची. त्याचे दुखणे बळावत असताना त्यांनी त्याच्या कार्यशाळेत कॅमेरा नेला. सप्टेंबर 2016 मध्ये हसन शरीफ वारला, आणि 'धारदार हत्यारे' ह्या अर्थाच्या नावाचा तो चित्रपट पुरा झाला तेव्हा त्याचा नायक हयात नव्हता. 2017 च्या डिसेंबरमध्ये दुबईच्या महोत्सवात तो दाखवला गेला. पुढे तो महोत्सव भरलाच नाही. अबू धाबीचा महोत्सव 2014 नंतर बंद पडला होता, आखाती चित्रपटांचा त्याच्याही आधी. ज्या तीन मांडवांखाली ही सारी कामे लोकांसमोर आली ते मांडव पंधरा वर्षांच्या आत उभे राहून उठले. जेथे माणसे टिकत नाहीत म्हणून त्यांची चित्रे काढावयाची तेथे ती दाखवावयाची जागाही टिकू नये, ह्याची मला मनापासून खंत वाटते, आणि वल्ह्याच्या नावाड्याचे ते जुने चित्र आज नव्या पिढीच्या किती मुलांनी पाहिले असेल हा विचार मनात आला की जीव कासावीस होतो.

2019 मध्ये व्हेनिसच्या 58 व्या कलाप्रदर्शनात अमिरातीच्या दालनात एकच कलावंत मांडावयाचा असे ठरले, आणि नुजूम अल घानिम ह्यांची निवड झाली. त्यांनी तेथे 'पॅसेज' नावाची कृती केली. स्वतःच्याच दहा वर्षांपूर्वीच्या एका कवितेवरून सुचलेली ही कथा: फलक नावाची, आपल्या ठिकाणापासून उखडलेली एक स्त्री समुद्र ओलांडून जाऊ पाहते. फलकच्या भूमिकेसाठी त्यांनी जिला बोलावले ती होती अमल हवीजा, आठ वर्षांपूर्वी माहितीपटात जिचे खरे आयुष्य दाखवले तीच. दालनाच्या मधोमध एक मोठा पडदा उभा केला होता आणि त्याच्या दोन बाजूंवर दोन चित्रे चालत होती: एका बाजूला फलकची कल्पित गोष्ट, दुसऱ्या बाजूला ती गोष्ट करताना नुजूम आणि अमल ह्या दोघींचा खराखुरा प्रवास. एका जागी उभे राहून दोन्ही पाहता येत नव्हती. पाहावयास आलेली माणसे थोडा वेळ एका बाजूला थांबत, आणि मग पलीकडे काय चालले आहे ते पाहण्यासाठी त्या काळोख्या दालनातून सावकाश चालत दुसऱ्या काठाला जात.